बांधकामातील जयणा
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आपल्या नियोजित भवनासाठी समाजाने उदार हस्ते दान दिले आहे. त्यातील एक रुपयाही भंगारात जाऊ नये, एवढेच मला निवेदन करावयाचे आहे.

लोखंडी सळई साधारणतः 12 मीटर लांबीची येते. तिचे साडेतीन मीटरचे तीन तुकडे केले, तर दीड मीटर वाया जाते. पाच मीटरचे दोन केले, तर दोन मीटर. मात्र साडेतीनचे दोन आणि पाचचा एक असे एकत्र कापल्यास काहीच उरत नाही! तागा फाडण्यापूर्वी आम्ही कापडवालेही असेच माप जुळवतो. म्हणून प्रत्येक मजल्याच्या सळयांची यादी आधी कागदावर व्हावी. ती पाहिल्याविना ठेकेदारास कापणी करू देऊ नये.

सिमेंट दमट हवेत गोठते आणि साठवणुकीत जुने होता होता त्याची ताकदही घटते. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचाव्यात. आधी आलेली आधी वापरावी. भाव उतरला की साठा करण्याचा मोह आपणा व्यापाऱ्यांना आवरणे कठीणच. पण येथे तो आवरावा.

माती पृथ्वीकाय, पाणी अप्काय; वीट भाजताना तेउकायाचीही विराधना होते. फुटलेल्या विटेमागे ही सारी हिंसा निष्कारण घडते. गाळून पाणी पिणाऱ्या श्रावकांच्या बांधकामावर नळ वाहता राहावा काय?

जुनी वास्तू उतरवताना सागवानी चौकटी, शहाबादी फरशी जपून काढावी. विटांचे तुकडे जोत्याच्या भरावास चालतील का, हे अभियंत्यास विचारावे. बांधकाम समितीत साठावही रोज लिहिणारा एक सभासद आजच नेमावा, ही माझी विनंती.