पैसे पाठवण्याआधी आवाज ऐका

मी अकोल्याचा, शिकलो अमरावतीला. तेव्हा वडील महिन्याचे पैसे ओळखीच्या एसटी कंडक्टरकडे द्यायचे. आता मुलगा तिथेच शिकतो. 'बाबा, पाचशे पाठवा' हा निरोप ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, त्यातूनच पैसे जातात. २०१८ मध्ये ही सोय काही लोकांपुरती चाचणीसाठी आली. २०२० मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने परवानगी दिली. ग्राहकसंख्येवरची मर्यादा २०२४ च्या अखेरीस उठली.

सोय हवीच. पण गप्पांच्या जागी माणूस बेसावध असतो. मध्यंतरी पुतण्याचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरावरून निरोप आला : 'काका, दवाखान्यात आहे, पैसे पाठवा.' मी आठ हजार पाठवले. पुतण्या घरीच होता! लाजेपायी आठ दिवस कोणाला बोललो नाही. पैसे गेले ते गेलेच.

कंडक्टर वडिलांना ओळखायचा. मोबाइल फक्त पिन ओळखतो. म्हणून आमच्या घरी आता नियम आहे : निरोप कोणाचाही असो, आधी नेहमीच्या नंबरावर फोन करून आवाज ऐकायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि फसलात, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. तत्काळ १९३० वर फोन करा.