शेजारच्या आजींचे पातेले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"अमेरिकेला जाऊन आलात, आता चार शब्द बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. उंच उंच इमारतींचे वर्णन माझ्याकडून होणार नाही, कारण त्या मी पाहिल्याच नाहीत. मी राहिले ते पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर या लहान शहरी. वस्ती साठ हजारांच्या आसपास. धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी 2024 च्या जुलैत गेले आणि सप्टेंबरअखेर परतले.

शहराच्या मधोमध मंडई आहे. 1889 साली बांधलेली लाल विटांची इमारत. मंगळवार, शुक्रवार, शनिवार अशी तीनच दिवस भरते, म्हणून मला आपला आठवड्याचा बाजार आठवे. कोवळी मक्याची कणसे, पीच, टोमॅटो, बीट. बीटच्या रसात आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली लालभडक उकडलेली अंडी बरणीत दिसली, ती मी आधी फळेच समजले! फ्लॉवर, गाजर, घेवडा घातलेले आंबटगोड लोणचे असते, त्याला चाऊचाऊ म्हणतात. तिखटाचा पत्ता नाही. काकवीसारख्या पाकाचा एक 'पाय' मिळतो. पाय म्हणजे पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ, भलतेच समजू नका.

मंडईत आमिश पंथाच्या बायका विकायला बसतात. साधा लांब झगा, डोक्याला पांढरे टोपडे. हे लोक घरात तारेची वीज घेत नाहीत आणि घोड्याच्या बग्गीतून फिरतात. त्यांची मुले आठवीपर्यंतच शिकतात. 1972 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तशी मोकळीक दिली, असे भाऊजींनी सांगितले. खरे सांगते, ते ऐकून मला धीर आला. आठवी आणि सातवी, एका यत्तेचाच काय तो फरक! पुढे मी एकटी मंडईत जाऊ लागले. बोटाने दाखवायचे, पैसे पुढे करायचे.

आता मुख्य गोष्ट. ती सांगावी की नाही, याचा दोन दिवस विचार केला.

ऑगस्टच्या मध्यावर जाऊबाई बाळंत झाली. दोन दिवसांत घरी आली. तिकडे बाळंतिणीच्या घरी शेजारीपाजारी शिजवलेले जेवण आणून देतात. शेजारच्या आजी झाकण लावलेले मोठे पातेले घेऊन आल्या. आत कोंबडी होती. आम्ही एरवी खातो, पण तो श्रावण. जाऊबाई म्हणाली, "ताई, मला चालेल हो, भूक लागली आहे." मी थोरलेपणाने म्हटले, "मी या स्वयंपाकघरात असेपर्यंत श्रावणात हे चालायचे नाही." आणि सगळे कचऱ्याच्या पिशवीत ओतले. तिच्यापुढे अळिवाची खीर ठेवली. तिने मुकाट्याने खाल्ली, माझ्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी आजींनी विचारले, कसे झाले होते? मी मान हलवून "गुड" म्हटले. तेवढे इंग्रजी बरे आठवले!

पातेले घासून ठेवले. पण रिकामे परत कसे द्यायचे? आपल्यात तशी रीत नाही. मनात अपराधीपणही होते. मी चकोल्या केल्या. तुरीचे वरण, चिंच, गूळ, गोडा मसाला, वरून तूप. तिखट हात राखूनच घातले. भाऊजींना बरोबर घेऊन गेले. आजींनी झाकण काढले, चमच्याने एक चकोली वर उचलून पाहिली आणि मोठ्याने म्हणाल्या, "पॉट पाय!"

मग त्यांनी मला आत नेऊन ओट्याशी उभे केले. कणीक मळून लाटली, चौकोनी तुकडे कापले, उकळत्या रश्शात एकेक सोडले. आपण शंकरपाळ्यासारखे कापतो, त्या चौकोनी कापतात. रश्शात कोंबडी, बटाटे आणि केशर! लँकेस्टरच्या बाजूला फार पूर्वीपासून केशर लावत आले आहेत. त्यांचे पूर्वज जर्मन बोलणारे, त्यांच्या आजीचा हा पदार्थ. म्हणजे मी केशर घातलेल्या चकोल्याच टाकल्या होत्या, त्याही बाळंतिणीच्या तोंडच्या.

घरी येऊन जाऊबाईला म्हटले, "त्या दिवशी माझे चुकले." ती म्हणाली, "असू दे ताई." पण तिचे डोळे भरून आले. भूक इतके दिवस लक्षात होती तर.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी आजी पुन्हा पातेले घेऊन आल्या. श्रावण सरला होता, गणपतीही झाले होते. मी स्वतः जाऊबाईला वाढले, दोनदा वाढले. मग माझ्या ताटलीत घेतले. चकोल्या मऊ, केशराचा वास छान. मीठ मात्र जरा कमी होते.