चढणीच्या अलीकडचे शहर

(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लांगटांगच्या हिमशिखरांचे वर्णन ऐकण्याच्या अपेक्षेने आपण आला असाल, तर आरंभीच सांगून टाकतो की शिखरांची छायाचित्रे बाहेरच्या फलकावर लावली आहेत, ती आमच्या शब्दांहून अधिक बोलकी आहेत. आम्ही आज बोलणार आहोत ते चढण सुरू होण्यापूर्वीच्या तीन दिवसांविषयी, म्हणजे काठमांडूविषयी. 2024 च्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, आपल्या मंडळाचे आम्ही अकरा जण त्या शहरात पोचलो. पुढची सारी पदयात्रा तेथेच ठरली, आणि ते ठरणे सोपे नव्हते.

रिसालीत राहणाऱ्यास चढण म्हणजे काय, हे डोंगरगडास गेल्यावाचून कळत नाही. रोज पहाटे मैत्रीबागेपर्यंत चालणे आणि अधूनमधून पाठीवर ओझे घेऊन बम्लेश्वरीच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढणे, अशी तीन महिन्यांची आमची तयारी होती. तीत पाय तयार झाले. परंतु विरळ हवेची सवय डोंगरगडावर होत नाही. आपली भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर, काठमांडू सुमारे 1,400 मीटरवर, आणि आम्हांस जावयाचे होते ते क्यानजिन गोम्पा सुमारे 3,900 मीटरवर!

दुर्गहून थेट नौतनव्यास आगगाडी जाते, हे आपल्या भागाचे भाग्यच म्हणावयाचे. तेथून सोनौली जवळच. सीमेची कमान आम्ही पायीच ओलांडली. भारतीयांस नेपाळात व्हिसा लागत नाही, तथापि पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे; आधारकार्डावर विसंबू नये. (आमच्यासारख्या सरकारी नोकरास परदेशगमनाची पूर्वपरवानगी मात्र घ्यावी लागते. तिच्या फायलीची चढण वेगळी!) पुढे बुटवल ते नारायणगढ रुंदीकरण चाललेल्या रस्त्याची धूळ खात, त्रिशुलीच्या काठाने मुगलिंग मागे टाकीत, रात्री कलंकी नाक्यावर उतरलो.

परदेश खरा, पण पाट्या सगळ्या देवनागरीत. अक्षर न् अक्षर वाचता यावे आणि तरीही क्षणभर अडखळावे, अशी गंमत. दुकानास तेथे ‘पसल’ म्हणतात, चहास ‘चिया’. घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे आणि पंचांगातले साल सत्तावन्न वर्षे. बसच्या तिकिटावर 2081 चा कार्तिक छापलेला. आपल्या शंभर रुपयांचे तेथे एकशे साठ होतात, म्हणून आमच्यातील काही जण उगाचच श्रीमंत झाल्यासारखे वागू लागले होते.

मराठी माणूस या शहरात पूर्वीही आला आहे. 1857 च्या उठावानंतर नानासाहेब पेशव्यांच्या घरातील स्त्रियांस थापाथली भागात जंगबहादुर राणांनी आश्रय दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्यांचे सहकारी, नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर नेपाळात आले आणि त्यांनी कौलांचा कारखाना काढला. कौले हे निमित्त होते, मनातला बेत शस्त्रनिर्मितीचा. तो सिद्धीस गेला नाही. थापाथलीवरून जाताना आमच्यातील एका भगिनीने हे सारे सांगितले, तेव्हा रस्त्यातल्या त्या कोलाहलातही आमची मंडळी काही वेळ गप्प झाली.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी हॉटेलच्या गच्चीवर आमचा वाटाड्या नकाशा घेऊन बसला. तो लांगटांग खोऱ्यातलाच. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात दरड आणि हिम कोसळून त्याच्या खोऱ्यातले लांगटांग गाव गाडले गेले. ती जागा त्याने बोटाने दाखविली आणि बोट तेथून लगेच उचलले. मग म्हणाला, “बिस्तारै.” म्हणजे सावकाश. पहिल्या मुक्कामी लामा हॉटेल, सुमारे 2,400 मीटर. आमच्या कार्यक्रमानुसार दुसऱ्या मुक्कामी एकदम लांगटांग, सुमारे 3,400 मीटर! तीन हजारांच्या वर रोजच्या झोपण्याची जागा पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये, असा वैद्यकाचा संकेत आहे. त्याने मध्ये घोडातबेल्यास मुक्काम सुचविला. (तबेला शब्द तेथेही आपलाच.) एक दिवस वाढला की शेवटची चेर्को रीची चढाई रद्द करावी लागणार होती. तरुणांची रजा मोजकी. डायमॉक्सच्या गोळ्या घेतल्या आहेत ना, मग भीती कसली, असा त्यांचा प्रश्न. गोळी शरीरास साहाय्य करते, घाईची भरपाई करीत नाही, हे पटविण्यात रात्रीचे अकरा वाजले. आवाज चढले, एकाने जेवण टाकले. अखेर चेर्को री सुटली. डोके दुखले तर लपवावयाचे नाही, बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरावयाचे, आणि आजाऱ्याबरोबर कोणी उतरावयाचे तेही नावनिशीवार त्याच वेळी ठरले.

ते ऐकत बसलेले, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ सोबती दुसऱ्या सकाळी स्वतःच डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब बराच वाढला होता. तेथून ते हॉटेलवर परतले ते निर्णय घेऊनच. “माझ्यापायी दोघांना उतरावे लागेल, ते मला नको,” एवढेच म्हणाले. भिलाईत, घरच्यांसमोर, हे वाक्य त्यांना उच्चारता आले नसते असे आम्हांस वाटते. आम्ही आग्रह केला नाही. तो न करणे फार जड गेले.

औषधांची पेटी त्यांच्याकडे होती. ती त्यांनी दोघांत वाटून दिली. भडंगाचा डबा मात्र स्वतःपाशी ठेवला. आमच्या मुक्कामांची यादी आणि निरोप न आल्यास कोठे कळवावयाचे ते क्रमांक वहीत उतरून घेतले. तिसऱ्या दिवशी आम्ही स्लीपिंग बॅगा भाड्याने घेत ठामेल पालथे घालीत असता ते बौद्धनाथास जाऊन आले आणि तेथे रोज येता येईल अशी बस शोधून ठेवली.

चौथ्या दिवशी पहाटे माछापोखरीच्या थांब्यावर ते पोचवावयास आले. वाटाड्याने माणसे मोजली, दहा भरली. बस सात वाजता सुटली. त्यांनी आपले घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवले होते. त्यात पावणेसात झाले होते.