पक्षिणीचे घरटे आणि कुझँ बेट

(एलूल महिन्यात सिनेगॉगच्या सभागृहात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून.)



गेल्या शब्बाथला आपण ‘की तेत्से’ हा पराशा वाचला. युद्ध, विवाह, वारसा, कर्ज, मजुराची मजुरी असे माणसांच्या व्यवहाराचे नियम त्यात एकामागून एक येतात, आणि त्यांच्या मधोमध एकाएकी एका पक्षिणीचे घरटे येते. वाटेने जाताना झाडावर किंवा भुईवर घरटे आढळले, आणि आई अंड्यांवर वा पिलांवर बसलेली असली, तर आई आणि पिले दोन्ही उचलू नयेत. आईला आधी जाऊ द्यावे, असे तोरा सांगते. हे पाळणाऱ्याचे कल्याण होईल व त्याला दीर्घायुष्य लाभेल, असे वचनही देते. समितीने मला सेशेल्सच्या प्रवासाविषयी बोलण्यास सांगितले, तेव्हा याच आठवड्यात बोलावे असे मी ठरवले. कारण हा नियम मी लहानपणापासून ऐकत आलो असलो, तरी त्याचा अर्थ मला हिंदी महासागरातील एका चिमुकल्या बेटावर उमगला.

सेशेल्स हा शंभराहून अधिक बेटांचा देश आहे. आफ्रिकेच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेला. 1976 साली तो स्वतंत्र झाला. माहे, प्रालँ अशी मोठी बेटे ग्रॅनाइटची आहेत आणि तो खडक सुमारे 75 कोटी वर्षांचा आहे. आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे ही भूमी एके काळी हिंदुस्थानच्या पश्चिम अंगाला जोडलेली होती. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या ज्वालामुखींनी ओतला, त्यांच्याच सुमारास, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ती तुटून वेगळी झाली. आपल्या आजोबा-पणजोबांनी अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेलच्या वाटांवर जो कातळ तुडवला, त्याचे नाते असे समुद्रापार पोचलेले आहे.

मागच्या वर्षी जुलै महिन्यात आम्ही चौघे तेथे गेलो. तो काळ आग्नेय वाऱ्यांचा. समुद्र खवळलेला असतो, लहान होड्यांना तो धार्जिणा नसतो. पण पुष्कळ पक्षी याच दिवसांत अंडी घालतात, म्हणून पक्षी पाहणाऱ्याने हा त्रास पत्करावा लागतो. माहेहून आम्ही प्रालँला आलो. सोबत चपात्या, लसणीची चटणी, उकडलेली अंडी आणि फळे होती. कोशेरचा प्रश्न एवढ्यावर सुटला.

पहिला बेत आरीद बेटाचा होता. हे बेट 1973 साली ख्रिस्तोफर कॅडबरी यांनी पक्ष्यांच्या रक्षणासाठी विकत घेतले. दहा जातींचे समुद्रपक्षी तेथे वीण करतात. आमची होडी बेटासमोर पोचली, तेव्हा किनाऱ्यावर लाटा अशा फुटत होत्या की नावाड्याने दोन वेळा फेरी मारली आणि मान हलवली. उतरणे शक्य नव्हते. आम्ही भिजलेले, एकाला समुद्र लागलेला, आणि डोक्यावर मोठमोठे फ्रिगेट पक्षी पंख न हलवता तरंगत होते. दुसऱ्या पक्ष्याने पकडलेला मासा हवेतच हिसकावून घेणारा हा पक्षी आहे. आरीदचे आमचे दर्शन एवढेच.

दोन दिवसांनी कुझँला जाता आले. हे बेट अवघे 29 हेक्टरांचे. तेथे बाहेरच्या होडीला किनाऱ्याला लागू देत नाहीत. आमची होडी लांब उभी राहिली आणि बेटावरचे रक्षक आपली होडी घेऊन आले. आम्हाला भर समुद्रात एका होडीतून दुसरीत चढावे लागले. मग नावाड्याने लाटेची वाट पाहिली, यंत्र पूर्ण वेगात सोडले, आणि होडी सरळ वाळूवर चढवली. मला वाटले, आता हाडे मोडतात! पण या साऱ्या खटाटोपाचे कारण एका शब्दात सांगता येते: उंदीर. कुझँवर उंदीर नाही. होडीतून गाभण उंदरीण एक जरी उतरली, तरी जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा काही वर्षांत फडशा पडेल.

बेटावर पाऊल ठेवताच तोराचे ते शब्द डोळ्यांसमोर उभे राहिले. झाडावर आणि भुईवर, दोन्हीकडे घरटी. लांब शेपटीचा पांढरा ट्रॉपिकबर्ड झाडाच्या बुंध्याशी उघड्या जमिनीवर बसलेला होता. आम्ही दोन हातांवर गेलो तरी हलला नाही. नॉडी नावाचे करडे पक्षी फांद्याफांद्यांवर. आणि शुभ्र सुरय तर घरटे बांधतच नाही. आडव्या फांदीवर एखादा खळगा पाहून त्यात एकच अंडे ठेवते, आणि वाऱ्यात फांदी झुलत असताना त्यावर बसून राहते. या पक्ष्यांना माणसाची भीती शिकवलेलीच नाही. हात लांब केला असता तर आई आणि पिलू दोन्ही हाती आली असती. आज्ञा नेमकी याच क्षणाविषयी आहे: पाखराजवळ पळण्याची ताकद नसते, आणि सारे आपल्या मर्जीवर असते, तो क्षण.

आता या बेटाची गोष्ट ऐका. खोबऱ्याच्या व्यापारासाठी येथे पूर्वी सगळीकडे नारळ लावले गेले. आपण कोकणचे; नारळाविषयी वाईट बोलणे आपल्याला जमणार नाही. ओल्या खोबऱ्याशिवाय आपला मलिदा होत नाही. पण कुझँवर नारळाने तेथली मूळची झाडी हटवली, आणि त्या झाडीत राहणारा एक लहानसा पक्षी संपत आला. सेशेल्सचा वटवट्या. फिकट तपकिरी, चिमणीहूनही हलका, पानांच्या खालच्या बाजूचे किडे टिपून खाणारा. 1960 नंतरच्या दशकात तो साऱ्या जगात केवळ या बेटावर उरला होता, आणि मोजले तेव्हा सुमारे 26 पक्षी भरले.

1968 साली पक्षिरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने हे बेट विकत घेतले. त्यांनी पक्ष्यांना पिंजऱ्यात नेले नाही, चारा घातला नाही. त्यांनी नारळाची नवी रोपे काढून टाकली आणि मूळच्या झाडांना, मुख्यतः पिसोनियाला, पुन्हा वाढू दिले. झाडी परतली, पानांवर किडे आले, आणि वटवट्या वाढत वाढत तीनशेच्या वर गेले. मग वाढ थांबली, कारण बेटच भरले.

येथे एक विचित्र अडचण होती. शेजारचे कुझीन बेट दोन किलोमीटरांपेक्षाही जवळ आहे, समोर दिसते. पण या पक्ष्याला पंख असूनही तो समुद्र ओलांडत नाही. एकाच बेटावर साऱ्या जातीचे प्राण. एक वादळ, एक रोग, एक उंदरीण, की सारे संपले. म्हणून 1988 साली 29 पक्षी पकडून आरीदला नेऊन सोडले. 1990 साली आणखी 29 कुझीनला. पुढे 2004 साली देनी बेटावर आणि 2011 साली फ्रेगात बेटावर. आज पाच बेटांवर मिळून या पक्ष्यांची संख्या तीन हजारांच्या घरात आहे.

आणखी एका पक्ष्याचे नाव घेतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. कोकणात परसातल्या झाडावर पहाटे गाणारा काळापांढरा दयाळ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सेशेल्समध्ये त्याचा चुलतभाऊ आहे. माणसांबरोबर आलेल्या मांजरांनी आणि जंगलतोडीने तो एकट्या फ्रेगात बेटावर डझन-पंधरा इतकाच उरला होता. त्यालाही असेच बेटाबेटांवर नेऊन वाचवले, आणि आता तो शेकड्यांनी आहे. आमच्या पायांखाली पालापाचोळा सरकला की तो पुढे येऊन किडे उचलायचा, अगदी बुटाला चोच लागेल इतका जवळ. मी नकळत त्याच्याशी मराठीत बोललो. माझे सोबती हसले.

बंधू-भगिनींनो, आता आज्ञेकडे परत येतो. मिश्नेच्या ‘हुल्लिन’ या भागात या नियमाचा एक संपूर्ण अध्याय आहे. तो कोशेर पक्ष्यांनाच लागू, आणि आपल्या मालकीच्या नसलेल्या पक्ष्यांनाच. म्हणजे शुभ्र सुरयवर हा हलाखा काटेकोरपणे लागू होत नाही, हे मी मान्य करतो. तथापि आज्ञेचा हेतू काय, याविषयी आपल्या थोरांनी पुष्कळ विचार केला आहे. रामबामच्या मते आईच्या काळजाला होणारे दुःख टळावे, कारण पिलावरची माया माणसात आणि पशुपक्ष्यांत वेगळी नाही. रामबान आणखी एक गोष्ट सांगतो. तोराने खाण्यासाठी प्राणी मारण्याची परवानगी दिली आहे, पण एखादी जातच मुळासकट उपटण्याची परवानगी दिलेली नाही. आई आणि पिले एकाच दिवशी घेणे म्हणजे त्या जातीचा वंश तोडल्यासारखे आहे. बाराव्या-तेराव्या शतकातील हे दोन विचार कुझँवर मला शेजारी शेजारी उभे असलेले दिसले.

आणि मला आपलीच गोष्ट आठवली. नवगावच्या किनाऱ्यावर तारू फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तेथेच मूठमाती मिळाली, असे आपले वाडवडील सांगत आले. नोहाच्या तारवातही शुद्ध पक्ष्यांच्या सात सात जोड्याच होत्या. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली गेली. शेमा, सुंता, शब्बाथ आणि खवल्यांच्या माशांची पारख उरली. घाणा चालवणाऱ्या आपल्या लोकांना गावाने ‘शनिवार तेली’ म्हटले. सात जोड्यांचा समाज शतकानुशतके टिकला. तो कशावर टिकला? राहायला गाव मिळाले, शेजाऱ्यांनी त्रास दिला नाही, आणि उरलेले थोडेसे हातचे जाऊ नये म्हणून घरोघरी कोणी तरी पहारा केला.

वटवट्याची एक सवय मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या घालून संशोधक कित्येक पिढ्या त्यांची वंशावळ लिहीत आहेत. त्यातून कळले की येथे पिलू वाढवणे हे केवळ आईबापांचे काम नसते. मादी बहुधा एकच अंडे घालते, आणि मोठी भावंडे घर सोडून न जाता त्या एका पिलाला भरवू लागतात. त्याहून नवल असे की घराची मुख्य मादी म्हातारी होऊन तिची जागा दुसरीने घेतली, तरी कधी कधी ती तेथेच राहते आणि नातवंडांना भरवते. आजी! रक्षकाने एका फांदीकडे बोट दाखवले. चोचीत किडा घेतलेला एक पक्षी पिलाकडे जात होता. ती आई होती की आजी, हे त्या पायांतल्या कड्या वाचणाऱ्यालाच ठाऊक. मला दोघींत फरक दिसला नाही.

आपण आज लोद, अश्दोद, दिमोना, बेर-शेवा अशा गावोगावी पसरलो आहोत. हे चांगलेच झाले. एका बेटावर सारा वंश ठेवू नये. पण आपल्या नातवंडांपैकी किती जणांना मराठी येते? एलियाहू हन्नाबीचा मलिदा ते खातात. तो कसा करावा, कोणत्या प्रसंगी मांडावा, त्या वेळी काय गावे, हे त्यांना कोण सांगणार? त्यांचे आईबाप सकाळी कामाला जातात आणि संध्याकाळी थकून येतात. येथे बसलेल्या आजी-आजोबांनो, हे काम आपले आहे. त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. आठवड्यातली एक दुपार, एक नातवंड, एक गोष्ट मराठीत. पक्षिणीची आज्ञा तर हलक्यातली हलकी, एका लहानशा नाण्याच्या मोलाची, असे मिश्ना सांगते. तरीही तिचे फळ दीर्घायुष्य आहे.

पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी चार वाजता याच सभागृहात मुलांसाठी मराठीचा तास घ्यावा, अशी विनंती मी समितीकडे केली आहे. पहिल्या तासाला मी दयाळाची चित्रे घेऊन येईन. कोणी आजी मलिद्याचे साहित्य घेऊन आल्या तर मुले अधिक येतील, याची मला खात्री आहे.

नवीन वर्ष आपणा सर्वांना गोड जावो. शाना तोवा.