वारसा : हुकमाचा नव्हे, धीराचा
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संहितारूप सारांश)



घराण्याचा वारसा म्हटला की शेत, वाडा, दागिने यांचाच विचार आधी मनात येतो. श्रद्धा आणि धैर्य यांचे मृत्युपत्र करता येत नाही. तरीही ती एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरतात. कशी, याचे उत्तर मराठी भाषेतील एका ख्रिस्ती घराण्याच्या कथेत सापडते.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. त्यांच्या माहेरी सोवळ्याचे स्तोम इतके, की वडील बाजारातून आणलेले मीठ आणि साखरही धुऊन घेत. अशा घरातील या मुलीचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या वाटेवर, आगगाडीत, एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांशी काव्याच्या गप्पा केल्या आणि निरोप घेताना 'नवा करार' हाती दिला. त्या वाचनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेल्या बाप्तिस्म्यात झाली.

टिळकांचे ते धैर्य खरेच. परंतु त्याची किंमत घरातील माणसांनी मोजली. पत्नी आणि लहानगा दत्तू यांची त्यांच्याशी ताटातूट झाली. लक्ष्मीबाई दुःखाने खचल्या, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, त्या वेळीही आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच. पतीच्या श्रद्धेची त्यांना सक्ती नव्हती, आणि तीही त्यांनी उसनी घेतली नाही.

मग एके दिवशी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला : जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळताच त्यांनी सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. धर्मांतर त्यानंतर, १९०० मध्ये झाले. साखर धुणाऱ्या पित्याच्या मुलीने टाकलेले हे पाऊल तिचे स्वतःचे होते; म्हणूनच ते मागे फिरले नाही.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले, तेव्हा त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. ते पुढे नेले कोणी? शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीकडून अधूनमधून अक्षरे गिरवलेल्या, जोडाक्षरांशी सदैव झगडणाऱ्या लक्ष्मीबाईंनी! त्यांनी त्याचे चौसष्ट अध्याय रचले. ग्रंथ १९३८ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

पुत्र देवदत्त यांना वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. आईने त्या लिहावयास घेतल्या आणि त्यांतून १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रकाशात आली. त्यांत पती देवमाणूस म्हणून येत नाही. विसराळू, तापट, उदार आणि हट्टी असा जिवंत माणूस येतो. पतीवर रागावण्याचा, हसण्याचा हक्क या बाईंनी सोडला नाही, आणि श्रद्धाही सोडली नाही. नातू अशोक टिळक यांनी पुढे त्या ग्रंथाचे साक्षेपी संपादन केले. आजोबांचा शब्द आजीने, आजीचा शब्द मुलाने आणि नातवाने सांभाळला.

पालकहो, या कथेचा मथितार्थ कोणत्याही धर्माच्या घराला लागू आहे. मुलांना श्रद्धा हुकमाने देता येत नाही. त्यांच्यासमोर ती जगावी लागते. शंकेला वाव द्यावा लागतो. आपल्या निर्णयाची झळ घरातील कोणाला बसली, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. आई-वडिलांच्या चुका लपविणाऱ्या घरात धाक उरतो. त्या सांगणाऱ्या घरात धीर उरतो.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा टिकविणे हीही अशीच एक श्रद्धा आहे. टिळक कुटुंबाची वाट राजनांदगाव आणि कराचीपर्यंत गेली, परंतु भाषा सुटली नाही. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी येथे पहिली घंटा वाजविली, त्यांनी फळाची खात्री मागितली नव्हती. त्यांचे काम अपुरे आहे. आणि अपुरे काम हाच पुढील पिढीला मिळालेला सर्वांत मौल्यवान ठेवा होय.