मारियानहिलचा मठ आणि जमिनीचा प्रश्न

(केळझर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



वर्धा-नागपूर रस्त्यावरील केळझरात दक्षिण आफ्रिकेतील झुलूंच्या मुलखातल्या एका कॅथलिक मठाचा इतिहास सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणीही विचारील. प्रयोजन असे की, सेवाग्रामात रुजलेल्या श्रमविचाराचा एक धागा त्या मठापर्यंत जातो.

डिसेंबर १८८२ मध्ये फ्रान्झ फान्नर या ऑस्ट्रियन धर्मगुरूने नाताळ वसाहतीत, डर्बननजीक मारियानहिल मठ स्थापन केला. ट्रॅपिस्ट पंथाचे हे साधू मौन पाळीत, मांस वर्ज्य करीत आणि स्वतः राबत. लोहारकाम, सुतारकाम, चामड्याचे काम, छपाई यांच्या कार्यशाळा तेथे उभ्या राहिल्या व झुलू मुले त्यांत शिकू लागली. १८९५ मध्ये गांधीजींनी मठास भेट दिली. भोवती वर्णद्वेष माजलेला असताना तेथे दिसलेल्या समतेने ते भारावले व लंडनच्या 'व्हेजिटेरियन' पत्रात त्यांनी त्यावर लेख लिहिला. १९१० मध्ये टॉलस्टॉय फार्म निघाले, तेव्हा हर्मन कालेनबाख ट्रॅपिस्टांकडे जाऊन चपला करण्यास शिकले आणि त्यांच्याकडून गांधीजी. चामड्याच्या कामाला अस्पृश्यतेचा कलंक लावणाऱ्या समाजातील एका बॅरिस्टराने ती विद्या घ्यावी, यात मोठी क्रांती होती. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तोद्योगास शिक्षणाचा पाया मानले, त्यामागे असे अनेक अनुभव होते.

परंतु गौरव करून थांबणे योग्य नव्हे. मठाचे अंतिम उद्दिष्ट धर्मप्रसार होते. जमीन मठाची होती. झुलू कुटुंबे तिच्यावर कूळ म्हणून राहत. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी जनतेसाठी देशाची जेमतेम सात टक्के जमीन ठेवली. कुशल सुतार झालेला झुलू तरुण या कायद्यापुढे हतबलच ठरला. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने मिशनच्या शाळांवरही घाला घातला. तरीही मारियानहिलचे सेंट फ्रान्सिस विद्यालय टिकले. तेथे शिकलेल्या स्टीव्ह बिको यांनी कृष्णवर्णीयांच्या आत्मभानाची चळवळ उभारली. १९७७ मध्ये पोलिसांच्या कोठडीत त्यांचा अंत झाला. साधूंनी दिलेल्या शिक्षणाला त्यांनी सत्तेच्या प्रश्नाशी जोडले होते.

याच रस्त्यावरील पवनारहून निघालेल्या विनोबांनी १९५१ मध्ये भूदानाद्वारे जमिनीचा प्रश्न ऐरणीवर आणला, पण उत्तर दात्याच्या सद्भावावर सोपवले. श्रमाची प्रतिष्ठा आणि साधनांची मालकी यांची फारकत झाली की करुणा उरते, न्याय उरत नाही. शेतमजुराच्या हाताला कष्टाची थोरवी कोणी शिकवायला नको. त्या हातात सातबारा केव्हा येणार, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी गावोगाव विचारीत राहिले पाहिजे.