घरच्या हिशेबाची संगणकीय वही
राजुरा तालुक्यात कोळसा खाणीतील कामगाराचा पगार दरमहा येतो, तर कापूस उत्पादकाच्या हाती बरीचशी रक्कम वेचणीनंतरच पडते. त्यामुळे दोन्ही घरांच्या हिशेबाला एकच साचा लावणे योग्य ठरत नाही. जीएनयूकॅश या विनामूल्य संगणकप्रणालीत द्विनोंदी पद्धत, म्हणजे रक्कम कोणत्या खात्यातून निघून कोणत्या खात्यात गेली हे एकाच वेळी नोंदवण्याची रीत, वापरली जाते आणि म्हणूनच बियाण्यांचा खर्च व पीककर्जाची परतफेड यांची गल्लत टळते. गुंतवणुकीच्या हिशेबातही संगणक कामी येतो. म्युच्युअल फंडात हप्त्याहप्त्याने गुंतवलेल्या पैशाचा वार्षिक परतावा काढताना प्रत्येक हप्त्याची तारीख विचारात घ्यावी लागते. कागदी वहीत किचकट ठरणारे हे गणित स्प्रेडशीटमधील एक्सआयआरआर हे सूत्र क्षणात करते. मात्र बँकेचा पासवर्ड अशा नोंदींत कधीही लिहून ठेवू नये.